मज्जासंस्थेचे विकार : परीक्षेसाठी आणि परीक्षेबाहेर

स्मरणिकेच्या आरोग्य विभागासाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही इतिहासाचे शिक्षक. सनावळी, साधने आणि पुरावे हे आमचे क्षेत्र. मेंदू आणि मज्जातंतू हे डॉक्टरांचे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेचे स्वरूप पालटले आहे. येथून दहावी होऊन गेलेली मुले-मुली आज वैद्यकीय, परिचर्या आणि भौतिकोपचार या शाखांत शिकत आहेत आणि सुट्टीच्या दिवशी बिबवेवाडीच्या याच खोलीत जाडजूड ग्रंथ उघडून बसत आहेत. त्यांची उजळणी ऐकता ऐकता आम्हीही पुष्कळ शिकलो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सर्वांत भीतिदायक प्रकरण मज्जासंस्थेचेच असते. नावे अवघड, लक्षणे असंख्य आणि प्रश्न नेमका आडवळणाचा. २०२५ च्या जानेवारीत तर हे प्रकरण पुस्तकातून उठून थेट आपल्या वसतिगृहात आले. म्हणून हा लेख. परीक्षार्थींना तो उजळणीसाठी उपयोगी पडावा आणि इतर वाचकांना वेळेवर सावध करावा, एवढाच हेतू आहे.

आधी ‘कोठे’, मग ‘काय’

इतिहासाच्या विद्यार्थ्याला आम्ही पहिल्याच तासाला सांगतो, की घटना कोठे घडली आणि किती काळात घडली हे ठरविल्याशिवाय तिच्या कारणांकडे वळू नये. मज्जाविकारांच्या निदानाची पद्धत नेमकी हीच आहे, हे पाहून आम्हाला मोठे नवल वाटले. रुग्णाला कोणता रोग झाला, हा प्रश्न नंतरचा. बिघाड कोणत्या पातळीवर आहे, हा पहिला.

मेंदू व मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था होते. मेंदूपासून निघणाऱ्या १२ आणि मेरुरज्जूपासून निघणाऱ्या ३१ मज्जातंतूंच्या जोड्या मिळून परिघीय मज्जासंस्था. बिघाड वरच्या मार्गावर, म्हणजे मेंदूपासून मेरुरज्जूपर्यंत असेल, तर स्नायू ताठर होतात, गुडघ्यावर हातोडी मारल्यास पाय जोरात उडतो आणि तळव्यावर रेघ ओढल्यास अंगठा वर जातो. हेच बॅबिन्स्कीचे चिन्ह. बिघाड खालच्या मार्गावर असेल, तर स्नायू लुळे पडतात, कालांतराने झिजतात आणि हातोडीला प्रतिसाद मिळत नाही. मात्र मेरुरज्जूला अकस्मात मोठी इजा झाली तर पहिले काही दिवस वरच्या मार्गाचा बिघाडही लुळेपणाच दाखवतो, हा अपवाद परीक्षकांच्या विशेष आवडीचा आहे.

पातळीनुसार खुणा अशा लक्षात ठेवाव्यात :

१. स्नायूंचा विकार : खांदे व मांड्या आधी दुबळ्या होतात. जिना चढणे, उकिडवे बसून उठणे जड जाते. संवेदना शाबूत असतात.

२. मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्याचा विकार : वापराने थकवा वाढतो, पापण्या गळतात, एकाची दोन दिसतात, सायंकाळी त्रास अधिक होतो. ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ हे याचे ठळक उदाहरण. यात थायमस ग्रंथीची तपासणी विसरू नये.

३. परिघीय मज्जातंतूंचा विकार : हातमोजे-पायमोजे घालावेत एवढ्या भागात मुंग्या व बधिरता येते आणि प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात.

४. मेरुरज्जूतील चालक पेशींचा विकार : लुळेपणा असतो, पण बधिरता नसते. पोलिओ येथे बसतो.

५. मेरुरज्जूचा विकार : अंगावर एका ठराविक रेषेखाली संवेदना जाते, लघवी-शौचावरील ताबा सुटतो.

६. मेंदूचा विकार : बहुधा शरीराची एक बाजू दुबळी होते. मेंदूच्या देठाशी बिघाड असल्यास चेहऱ्याची एक आणि हातापायांची दुसरी, अशी उलटसुलट बाजू जाते.

यानंतर काळ पाहावा. काही क्षणांत आलेला दुबळेपणा बहुधा रक्तवाहिनीचा. काही तास ते दिवस लागले तर जंतुसंसर्ग किंवा दाह. आठवडे लागले तर क्षयाचा मेंदूज्वर किंवा गाठ. महिने-वर्षे लागली तर झीज. ‘कोठे’ आणि ‘किती काळात’ ही दोन उत्तरे एकत्र ठेवली, की चार पर्यायांपैकी दोन-तीन आपोआप गळतात.

टेकडीपलीकडचा आजार

आता ज्या आजारामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळू. २०२५ च्या जानेवारी महिन्यात पुण्यात ‘गियां-बारे सिंड्रोम’ म्हणजे जीबीएस या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यात त्यांची संख्या अधिक होती. आपल्या बिबवेवाडीपासून हा भाग तळजाई-पर्वतीच्या टेकड्यांपलीकडे, फार दूर नव्हे. पुढील काही आठवड्यांत संशयित व निश्चित मिळून रुग्णांची संख्या दोनशेच्या पलीकडे गेली आणि काही मृत्यूही झाले. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत रुग्णांचे नमुने तपासले गेले. काही नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू व काहींत नोरोव्हायरस आढळला. संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. केंद्राचे पथक आले आणि महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची सोय जाहीर झाली.

वृत्तपत्रांनी ‘नवा आजार’ असे म्हटले, ते मात्र खरे नव्हे. १८५९ साली फ्रान्समध्ये लान्द्री या वैद्याने पायांपासून वर चढत जाणाऱ्या लुळेपणाचे वर्णन केले होते. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१६ साली, गियां, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांची हकिकत प्रसिद्ध केली. दोघांचे हातपाय दुबळे झाले होते, प्रतिक्षिप्त क्रिया गेल्या होत्या आणि पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली असूनही पेशी वाढलेल्या नव्हत्या. ही विसंगती हेच या आजाराचे परीक्षेतील सर्वांत प्रसिद्ध वैशिष्ट्य. तिसऱ्या डॉक्टरचे, स्ट्रोलचे नाव पुढे गळून पडले. इतिहासात असे वारंवार घडते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

या आजारात नेमके काय घडते? कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्य आवरणातील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील गॅन्ग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारखे दिसतात. शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तीच प्रतिपिंडे साधर्म्यामुळे फसून आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. कधी तंतूवरचे मायलिनचे आवरण सोलवटले जाते, तर कधी आतला अक्षतंतूच घायाळ होतो. कॅम्पिलोबॅक्टरशी विशेष नाते आहे ते या दुसऱ्या प्रकाराचे. जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी लक्षणे सुरू होतात. म्हणजे दुबळेपणा सुरू होतो तेव्हा मूळ जुलाब कधीच थांबलेले असतात आणि घरचे लोक ते विसरूनही गेलेले असतात. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही. दूषित पाण्यातून आलेले जुलाब मात्र अनेकांना होऊ शकतात.

परीक्षार्थींसाठी आवश्यक गोष्टी थोडक्यात अशा :

१. दुबळेपणा दोन्ही बाजूंना सारखा, बहुधा पायांकडून वर चढणारा. चार आठवड्यांच्या आत तो परमावधीला पोहोचतो.

२. प्रतिक्षिप्त क्रिया मंद किंवा नाहीशा. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दुबळ्या होऊ शकतात. पाठ व पाय दुखणे ही सामान्य तक्रार आहे.

३. पाठीतील पाण्यात प्रथिने अधिक, पेशी जवळजवळ नेहमीइतक्या. पहिल्या आठवड्यात प्रथिनेही सामान्य असू शकतात. म्हणून अहवाल निर्दोष आला तरी निदान फेटाळू नये.

४. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना कृत्रिम श्वासाची गरज पडते. रक्तातील प्राणवायू घटण्याची वाट पाहू नये. श्वासाची क्षमता वारंवार मोजावी. ती किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली येणे ही धोक्याची घंटा. रक्तदाब व नाडीचे चढउतारही जीवघेणे ठरू शकतात.

५. उपचार दोन : शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, दररोज किलोमागे ०.४ ग्रॅम याप्रमाणे पाच दिवस; किंवा प्लाझ्मा बदलणे. दोन्ही सारखेच गुणकारी, पण एकापाठोपाठ दोन्ही दिल्याने अधिक लाभ होत नाही. स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, हा प्रश्न जवळजवळ हमखास येतो.

६. मिलर फिशर प्रकार, १९५६ : डोळ्यांच्या हालचाली बंद, तोल जाणे आणि प्रतिक्षिप्त क्रियांचा अभाव, ही त्रयी. प्रतिपिंड जीक्यू१बी विरुद्धचे.

आमच्याकडून झालेली चूक

त्याच दिवसांत आपल्या वसतिगृहातील इयत्ता नववीचा एक विद्यार्थी, वय वर्षे चौदा, घरून परत आला. घर सिंहगड रस्त्याकडचे. तिसऱ्या दिवशी तो सकाळच्या कवायतीला आला नाही. पायांना मुंग्या येतात, असे म्हणाला. चौथ्या दिवशी जिन्यात कठड्याला धरून उभा राहिला. मुलगा थोडा खोडकर आणि कवायतीचा आळशी. आम्ही त्याला बहाणेखोर ठरवून मोकळे झालो. आम्ही त्याला सर्वांसमक्ष बोललोही. हे आम्ही येथे मुद्दाम लिहीत आहोत, कारण पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे आयुष्यभर फळ्यावर लिहिणाऱ्यानेच तो काढला होता. जवळच्या एका दवाखान्यातून शक्तिवर्धक गोळ्या आणल्या आणि विषय मिटला असे मानले.

सायंकाळी अभ्यासिकेत पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करणारा आपला एक माजी विद्यार्थी पाणी पिण्यासाठी खाली आला आणि त्या मुलाचे चालणे पाहून थबकला. त्याने मुलाला बाकावर बसवले, पिशवीतून हातोडी काढली, दोन्ही गुडघ्यांवर मारली. पाय हलला नाही. ‘मागे जुलाब झाले होते का रे?’ त्याने विचारले. मुलाने मान डोलावली; दहा-बारा दिवसांपूर्वी, घरी असताना. मग त्याने मुलाला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. मुलगा पस्तिसापर्यंत गेला. वडिलांना निरोप देऊन वाहन मिळेपर्यंत दीड तास लोटला. पुन्हा मोजायला सांगितले, तर तो बाविसाशी अडखळला. ‘सर, आता वाट पाहायची नाही,’ एवढेच तो म्हणाला. दररोज ज्या विद्यार्थ्याने आमच्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्याच्या प्रश्नापुढे त्या रात्री आम्ही निरुत्तर होतो.

मुलाला त्याच रात्री अतिदक्षता विभागात ठेवण्यात आले. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले आणि कृत्रिम श्वासाची वेळ आली नाही. एप्रिलमध्ये तो काठीच्या आधाराने शाळेत आला. पावसाळ्यात काठी सुटली. बहुतेक रुग्ण असेच सावरतात. सुमारे ८० टक्के रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. पण अतिदक्षतेतील ते दिवस पार पडावे लागतात आणि त्यासाठी कोणीतरी वेळेवर ओळखावे लागते.

रुग्णालयात आणखी एक गोष्ट कळली. मुलाच्या शौचाचे दोन नमुने २४ तासांच्या अंतराने घेतले गेले. आम्ही विचारले, हे कशासाठी? उत्तर मिळाले, पोलिओसाठी. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अकस्मात लुळेपणा आला, तर कारण काहीही वाटो, त्याची नोंद होते आणि १४ दिवसांच्या आत नमुने घेतले जातात. भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तरीही पहारा उठलेला नाही. परीक्षेसाठी भेद लक्षात ठेवावा : पोलिओत ताप असतो, दुबळेपणा एका बाजूला अधिक असतो आणि पाठीतील पाण्यात पेशी वाढतात. जीबीएसमध्ये या तिन्ही गोष्टी उलट. आणि ग्रामीण महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी तिसरी शक्यता विसरू नये. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावल्यास जखम दिसतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या गळतात आणि लुळेपणा वरून खाली उतरतो. जीबीएस बहुधा खालून वर, मण्यार वरून खाली.

आणखी काही विकार, काही गैरसमज

पक्षाघात. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी काहीही अकस्मात झाले तर घड्याळ पाहावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही, याची खात्री करावी लागते. मालिश आणि दैवी उपाय यांत हेच तास जातात. कपाळाला आठ्या पाडता येत असून गाल खाली ओघळला असेल, तर बिघाड मेंदूत. आठ्याही पडत नसतील, तर चेहऱ्याच्या मज्जातंतूत, म्हणजे बेल्स पाल्सी.

अपस्मार किंवा फेफरे. झटका आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणे निरुपयोगी आहे. तोंडात चमचा घालणे घातक आहे. कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, वेळ मोजावी. पाच मिनिटांहून अधिक चालल्यास ती आणीबाणी समजावी. अंगात येणे, बाहेरची बाधा हे शब्द आपल्या घरांतून कायमचे जावेत.

मेंदूतील कृमिकोष. आपल्याकडे फेफऱ्याचे हे एक महत्त्वाचे कारण. डुकराचे मांस खाणाऱ्यालाच तो होतो, असा समज आहे आणि त्या समजातून काही समाजांकडे बोटही दाखवले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. कच्चे राहिलेले मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत कोष होतात ते त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ही अंडी माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून व भाज्यांतून येतात. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा रोग होतो. परीक्षेत हा प्रश्न एका गुणाचा असतो. समाजात त्याचे मोल बरेच अधिक आहे.

मेंदूज्वर. चंडीपुरा विषाणूचे नाव १९६५ साली नागपूर भागातील चंडीपुरा या गावावरून पडले. तो वाळूमाशीमुळे पसरतो आणि लहान मुलांना काही तासांत गाठतो. क्षयाचा मेंदूज्वर उलट आठवड्यांनी वाढतो. पाठीतील पाण्यात लसिकापेशी व प्रथिने वाढतात, साखर घटते.

मधुमेही मज्जाविकार. पायांची आग, रात्री वाढणारी वेदना, तळव्यांची बधिरता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अखेरच्या दशकाचा इतिहास शिकविताना आम्ही हा भाग कधी वगळत नाही. मधुमेह, पायांतील मज्जातंतूंच्या वेदना आणि निद्रानाश यांनी ते जर्जर झाले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला आणि पुढे त्यांच्या पथ्यपाण्याची व औषधांची जबाबदारी माईसाहेबांनी उचलली. संविधान सभेत मसुद्यावर कलमवार चर्चा चालू होती, ती हेच दुखणे अंगावर घेऊन. आपल्या घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांचे तळवे दररोज रात्री पाहावेत; ठेच लागलेली कळत नसेल, तर तेच पहिले लक्षण.

टाकीजवळची नोंदवही

मुलगा रुग्णालयात असताना आम्ही वसतिगृहाच्या गच्चीवर गेलो. पाण्याची टाकी कधी धुतली, याची नोंद ठेवण्यासाठी एक वही आहे. तिच्यातली शेवटची नोंद कित्येक महिन्यांपूर्वीची होती. मुलाला संसर्ग घरी झाला असावा, आपल्या टाकीतून नव्हे. तरी त्या कोऱ्या पानांपुढे आम्हाला मान खाली घालावी लागली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला गेला, हा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो. पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क त्या पिढीने मिळवला. ते पाणी निर्मळ राखण्याचे काम आपल्याकडे आहे, हे आम्ही शिकवत होतो, पण करत नव्हतो.

आता दर महिन्याला टाकी धुतली जाते, पाण्यात क्लोरिन आहे का हे तपासले जाते आणि वहीवर विद्यार्थी प्रतिनिधीची सही होते. त्या वहीच्या आतील पुठ्ठ्यावर आपल्या माजी विद्यार्थ्याने चार ओळी लिहून ठेवल्या आहेत : जुलाबानंतर पायांत मुंग्या येणे, जिना चढता न येणे, गिळताना ठसका लागणे, एका श्वासात मोजणी कमी होत जाणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. परीक्षार्थींनी त्या ओळी पाठ कराव्यात. शिक्षकांनी, पालकांनी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांनी त्या वाचाव्यात. आणि एखादे मूल पाय दुखतात असे म्हणाले, तर आधी त्याचे ऐकावे.